डिकी रिकामी आहे ना?

"डिकी रिकामी आहे ना, काका?" डॉक्टरने विचारलं, आणि "रिकामी" हा शब्द गाडीमालकाच्या तोंडून इतक्या पटकन निसटला, की हे नक्की आपणच बोललो का ते पाहायला त्याने शेजारी मान वळवली. शेजारी कोणी नव्हतं. बायको काचेच्या पार्टिशनपलीकडे बाकावर जाऊन बसली होती आणि पर्समध्ये चष्मा शोधत होती. डॉक्टर म्हणजे काही खरा डॉक्टर नव्हे. गाड्यांच्या पुढच्या काचा बदलून देणाऱ्या या वर्कशॉपमधला, कायम सर्दी झालेला, पन्नाशीचा माणूस. काच बसवणारे वेगळे. काच बसल्यावर गाडीचे डोळे तपासायचे ते याने, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत आणि तोही ओ देत असे. सकाळीच त्याने समजावून सांगितलं होतं. आरशामागे, काचेला चिकटून, एक कॅमेरा असतो. पुढे कोण आडवं आलं, रस्त्यावरचा पट्टा कुठे आहे, हे तो बघत असतो आणि वेळ पडली तर तुमच्या आधी ब्रेक मारतो. काच बदलली की त्याची नजर केसभर हलते. इथे केसभर म्हणजे पुढे रस्त्यावर माणूसभर. "म्हणून त्याला पुन्हा शिकवायचं, सरळ म्हणजे कुठे," डॉक्टर नाक पुसत म्हणाला होता. "त्यालाच कॅलिब्रेशन म्हणायचं." त्यासाठी जमीन सपाट हवी, चाकांत हवा नेमकी हवी, टाकी भरलेली हवी, आणि गाडीत काही म्हणजे काही नको. पाण्याची बाटलीसुद्धा त्याने काढायला लावली. बाटली काढली, छत्री काढली, कप्प्यातल्या खोकल्याच्या गोळ्या बायकोने आपणहून काढून घेतल्या. आणि डिकीत, जुन्या चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीन, लोखंडी पायांसकट, होतं तिथेच राहिलं.

गंमत अशी की हा प्रश्न मुळात या गाडीमालकाचाच होता. नोकरीची सगळी वर्षं त्याने वजनमापे खात्यात काढली होती. बाजारात जायचं, दुकानदाराच्या काट्यासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, "पारडं रिकामं आहे ना?" सगळ्यांचं उत्तर एकच असायचं, फरक असायचा तो वेगात. ज्याचं पारडं खरंच रिकामं, तो आधी पारड्याकडे बघायचा आणि मग बोलायचा. ज्याच्या पारड्याखाली मेणाचा गोळा, चुंबक, शिशाचा तुकडा असं काहीतरी चिकटवलेलं, तो प्रश्न संपायच्या आत म्हणायचा, "रिकामं, साहेब." मग हा पारड्याखाली बोट फिरवायचा. त्या बोटाचा खात्यात दबदबा होता. घरी त्याची किंमत एवढीच, की जेवायच्या आधी ते नीट धुऊन ये असं बायको बजावायची. आज त्याने स्वतःचा वेग ऐकला होता. आणि डॉक्टरने बोट फिरवलं नव्हतं. उलट तो म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं असली की काम सोपं होतं. नाहीतर लोक अख्खा संसार मागे भरून आणतात आणि म्हणतात, रिकामी." यावर हा हसला. आपलं ते हसू त्याला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. असंच हसणाऱ्या एका किराणावाल्याचं लायसन्स त्याने निलंबित करायला लावलं होतं.

अजून वेळ गेलेली नव्हती. "अरे हो, विसरलोच," एवढं म्हणायचा अवकाश होता. वयाचा हा एक फायदा असतो, विसरलो म्हटलं की लोकांना लगेच पटतं. पण विसरलो म्हटलं की डिकी उघडावी लागणार, चादरीतलं ते धूड दोघांनी उचलून बाहेर ठेवावं लागणार, आणि काचेपलीकडून बायको ते बघणार. तिला तोवर चष्मा सापडला होता. चार महिन्यांपूर्वी तिने सांगितलं होतं, "विकून टाका. कोपऱ्यात बघवत नाही मला ते." त्याआधीचे बरेच दिवस ती सुईत दोरा ओवायला बसत असे आणि तिचे हात कापत असत, दोरा सुईच्या डाव्या बाजूने जाई, मग उजव्या बाजूने जाई, आणि ती दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून पुन्हा बसत असे, जणू चूक दोऱ्याचीच आहे. याच मशीनवर तिने मुलीचे फ्रॉक शिवले, गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांचे पडदे शिवले, आणि दुपारी तो घरी झोपलेला असताना ते ज्या लयीत चालायचं त्या लयीची त्याच्या झोपेला सवय झाली. रविवारी मशीन बंद असलं की त्याला दचकून जाग येई. तर ते विकायचं म्हणून त्याने शेजाऱ्याच्या मदतीने गाडीत चढवलं आणि जुन्या सामानाच्या दुकानात नेलं. दुकानदाराने चाक एकदा फिरवलं, पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "लोखंडाच्या भावाने घेईन." मग त्याने मशीन काट्यावर ठेवायला घेतलं. काटा रिकामा असताना शून्यावर नव्हता. हे याने दाखवून दिलं, दुकानदार म्हणाला "चालतंय हो काका", आणि चालतंय या शब्दावर तर त्याने उभं आयुष्य खटले भरले होते. मशीन परत डिकीत आलं. काट्याचं निमित्त झालं हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. पण सरकारी माणसाला भावनेपेक्षा नियमाचा आधार बरा वाटतो.

घरी येऊन तो म्हणाला, "गेलं. चांगल्या घरी गेलं." एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण बायकोने विचारलं, "कोणाकडे?" तेव्हा त्याने एक बाई निर्माण केली. तरुण, शिवण शिकलेली, पदरात जुळे मुलगे आणि दोघेही रोज पँट गुडघ्यावर फाडून येणारे. जुळ्यांची गरज नव्हती, पण तेवढ्याने गोष्टीला वजन आलं असं त्याला वाटलं. पुढे त्या बाईने घरात बस्तानच मांडलं. बायको अधूनमधून तिची चौकशी करी. जुळी आता शाळेत जातात का? तिचा नवरा काय करतो? पैसे किती आले हे मात्र तिने कधी विचारलं नाही. भाजीच्या पिशवीत दोन लिंबं कमी निघाली तर परत दुकानात जाणारी ही बायको. याचं त्याला तेव्हा नवल वाटलं होतं, पण आपल्या सोयीच्या गोष्टीचं नवल माणूस फार वेळ करत नाही.

तो पार्टिशनपलीकडे जाऊन तिच्याशेजारी बसला. आत डॉक्टर काम करत होता. त्याने गाडीच्या नाकाच्या बरोबर मध्यावरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूने खूण केली, मागेही तशीच केली, दोन्हींमधून दोरी ताणली आणि त्या दोरीच्या रेषेत पुढे एक उभा फळा आणून ठेवला. फळ्यावर काळेपांढरे चौकोन. गाडी फळ्याकडे बघत उभी राहिली.

"बिचारी," बायको म्हणाली. "आपल्याला नाही का डोळ्यांच्या दवाखान्यात हनुवटी टेकवून बसवतात."

"हूं."

"घाम का आलाय तुम्हाला?"

"उकडतंय."

"पंखा डोक्यावर आहे." तिने पर्समधून रुमाल काढून दिला. मग फळ्याकडे बघत, सहज आठवल्यासारखं विचारलं, "ती बाई तेल घालत असेल ना हो मशीनला?"

"घालते."

"घालते? भेटली होती?"

"म्हणजे घालत असेल. नीटनेटकी वाटली."

तेल घातलं जात होतं हे खरं होतं. पहिल्यांदा तिने हा प्रश्न विचारला त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी इमारतीखाली पार्किंगमध्ये डिकी उघडून, अर्धा आत वाकून, त्याने मशीनच्या प्रत्येक भोकात थेंब थेंब तेल सोडलं. वरच्या मजल्यावरच्या वकिलाने विचारलं, "काही बिघडलंय का?" तर म्हणाला, "इंजिन." त्या गाडीचं इंजिन पुढे आहे हे वकिलालाही माहीत असावं, पण वकील लोक फी मिळाल्याशिवाय शंका काढत नाहीत.

फोन वाजला. मुलीचा. बायकोने स्पीकर लावला, कारण कानाशी धरला की फोनही हातासारखाच कापतो. "आई, झालं का गाडीचं?" पलीकडे बाळ रडत होतं. उद्या सकाळी ती चार महिन्यांच्या बाळाला घेऊन विमानाने येणार होती आणि विमानतळापासून घरापर्यंत हायवे होता. "बाबा, स्पष्ट सांगा हं. नसेल झालं तर मी टॅक्सी करते."

"टॅक्सी कशाला? चालू आहे काम," तो म्हणाला.

"मी बाळाला त्या गाडीत बसवणार आहे ती कॅमेऱ्याच्या भरवशावर. तुम्हाला वाईट वाटू देऊ नका."

"नाही वाटत," तो म्हणाला. खरंच वाटत नव्हतं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तो बायकोकडे वळून काहीतरी सांगत होता. काय ते आता आठवत नाही, इतकं ते महत्त्वाचं होतं. तेवढ्यात बायको "ब्रेक" म्हणाली आणि त्याच क्षणी गाडी आपली आपण थांबली. पट्टा छातीत रुतला. बंपरला जवळजवळ चाटून एक सायकलवाला शीळ घालत निघून गेला. त्याला काही कळलंही नाही. बायकोने सांगितलं होतं, गाडीने केलं होतं, बेसावध होता तो फक्त हा. तशी बायको लग्नापासूनच हे काम करत आली होती, तेही काच न बदलता. पण त्या संध्याकाळपासून डोळे मिटले की त्याला ते सायकलचं मागचं चाक दिसायचं, फिरत फिरत लांब जाणारं. त्याचा स्वतःवरचा विश्वास त्या चाकाबरोबर गेला. उरला तो कॅमेऱ्यावर. आणि आता त्याच कॅमेऱ्याला तो खोटं सांगत होता. मागे लोखंडाचं ओझं, म्हणून गाडी मागे बसलेली, म्हणून नाक वर. आणि अशा मान वर केलेल्या गाडीला डॉक्टर शिकवत होता की बाई गं, हेच सरळ. उद्या सामान ठेवायला डिकी रिकामी करावी लागेल, गाडीचं नाक खाली येईल, आणि हायवेवर मागच्या सीटवर बाळ असताना ती जिथे बघायचं त्याच्या अलीकडेच कुठेतरी बघत राहील. एखादी सायकल जाईल. तो डोळे मिटायला घाबरला.

आत लॅपटॉपवर लाल अक्षरं आली. डॉक्टर मान हलवत बाहेर आला. "नाही घेतलं हो. फेल म्हणतंय."

याच्या छातीतला पट्टा सैल झाला. यंत्राला कळलं. माणसाने बोट फिरवलं नाही तरी यंत्राने फिरवलं. आता डॉक्टर कारण शोधेल, डिकी उघडेल, चादर बाजूला करेल. जे व्हायचं ते दुसऱ्याच्या हातून होईल. "कशामुळे असेल?" त्याने विचारलं, आणि आवाजात किंचित आशा आली.

"बघतो." डॉक्टरने गाडीभोवती चक्कर मारली. मागे गेला, डिकीजवळ उभा राहिला, डिकीवर हात टेकवला, आणि शिंकला. मग वर बघून म्हणाला, "हात्तिच्या. खिडकीतून ऊन पडतंय फळ्यावर." त्याने पडदा ओढला. परत जाऊन बटण दाबलं. थोड्या वेळाने हिरवी अक्षरं आली आणि तो अंगठा दाखवत बाहेर आला. "पास. घेऊन जा बिनधास्त."

नापास झाल्यावर रडणारी मुलं याने पाहिली होती. पास झाल्यावर पेपर परत तपासून मागावासा वाटतो, हे त्याला नवीन होतं. खात्यात असताना त्याने किती काट्यांवर शिक्का मारला होता! शिक्का मारला की काटा खरा. लोक शिक्क्याकडे बघून माल घेत, काट्याकडे कोण बघतो? त्याने सही केली, किल्ली घेतली, बायकोसाठी दार उघडलं, आणि नवीन काचेतून दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घातली. काच इतकी स्वच्छ होती की काच नाहीच असं वाटत होतं. जुन्या काचेवर वाळूच्या ट्रकमधून उडालेल्या खड्याने तडा पाडला होता. तो रोज बोटभर वाढत शेवटी त्याच्या नजरेच्या आडवा आला, तेव्हा कुठे मुलीने धमकी देऊन त्याला इथे पाठवलं होतं. आता तडा नव्हता. तड्याची निदान जागा माहीत होती.

सिग्नलला थांबल्यावर त्याला एक उपाय सुचला आणि तो उपाय इतका सोपा होता की क्षणभर त्याला आपल्या बुद्धीचं कौतुक वाटलं. मशीन काढायचंच नाही. मशीन मागे आहे तोवर गाडी जशी शिकली तशीच उभी आहे. तोवर तिचं सरळ ते सरळच. म्हणजे चूक ठेवून दिली की बरोबर. पण मग बाळाची बाबागाडी? सामान? मशीन काढून तेवढ्याच वजनाचं सामान ठेवलं तर? मुलीला फोन करून, तुझ्या बॅगांचं वजन अमुकच ठेव असं सांगता येईल का? आणि ती कशासाठी म्हणाली, तर? घरी पोचल्यावर सामान उतरवून वाळूची पोती भरावी लागतील. जन्मभर. त्याच्या मागे जावयाने गाडी घेतली तर जावयालाही. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, त्याने घाईने वळण घेतलं आणि डिकीत काहीतरी ठक्क करून आपटलं. मग लोखंडाचं चाक स्वतःशीच थोडं फिरल्याचा आवाज आला: टिक, टिक, टिक.

बायको समोर बघत होती. "त्या जुळ्यांच्या आईला म्हणावं," ती म्हणाली, "मशीन नीट बांधून ठेवत जा. वळणावर आपटतं."

त्याने गाडी बाजूला घेतली. इंडिकेटर टकटकत राहिला.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"तेलाचा वास आला तेव्हापासून. तुमच्या हाताला मशीनचं तेल लागायचं दुसरं काय कारण? आणि आवाज काय, माझाच आहे तो." ती पर्सची चेन उघडझाप करत होती. "विकलं म्हणालात तेव्हा बरं वाटलं मला, खोटं नाही सांगत. मग मागे आहे कळलं, तर त्याहून बरं वाटलं. म्हटलं राहू दे. सगळीकडे आपल्याबरोबर येतंय."

"मग मला रोज त्या बाईचं काय विचारत होतीस?"

"तुम्हाला काही सुचतंय का ते बघत होते. नवरा गवंडी आहे म्हणालात एकदा, आणि गेल्या आठवड्यात म्हणालात बँकेत. मी म्हटलं, वा, प्रगती आहे."

तो हसला नाही. "मी त्याला रिकामी म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "डॉक्टरला. मशीन आत असताना गाडी शिकवली त्याने. ती चुकीचं शिकली आहे. उद्या बाळ..."

तिचा हात चेनवर थांबला. हे तिला माहीत नव्हतं. मशीन आहे हे माहीत होतं, पण मशीनमुळे गाडीची नजर बिघडते, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं; खोकल्याच्या गोळ्या काढून घेणाऱ्या तिने डिकीतल्या ओझ्याचा विचारच केला नव्हता. ते तिथे नाही, असं दोघांनी इतके दिवस मिळून धरलं होतं, की दोघांच्याही हिशेबात डिकी रिकामीच होती.

"गाडी वळवा," ती म्हणाली. "आणि हळू चालवा. मी बघते पुढे."

डॉक्टर शटर अर्धं ओढून हात धूत होता. याने डिकी उघडली. डॉक्टर वाकून बघत राहिला, चादरीचं टोक उचललं, पुन्हा ठेवलं.

"काका," तो म्हणाला, "चष्म्याचा नंबर काढायला गाडीला बसवलंत, ते डोक्यावर पाटा ठेवून."

"माझंच चुकलं."

"घरचा संसार मागे ठेवून रिकामी म्हणणारे बघितलेत मी. पण तुम्ही वाटला नव्हतात त्यातले."

"मीही मला वाटलो नव्हतो," तो म्हणाला.

दोघांनी मिळून मशीन बाहेर काढलं आणि पार्टिशनपलीकडे, बाकासमोर उभं केलं. गाडी मागून हलकेच वर आली. त्याला ते दिसलं, किंवा दिसलं असं वाटलं. डॉक्टरने पुन्हा ओळंबा सोडला, पुन्हा दोरी ताणली. बायकोने चादर काढली आणि सवयीने पाय खालच्या पट्टीवर ठेवला. पट्टी हलली. चाक फिरायला लागलं, आणि त्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये ती दुपारची लय सुरू झाली, ज्या लयीत तो झोपत असे. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं.

"पाय कुठे कापतात माझे?" ती स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्याने, "अहो, कापड तुम्ही धरा. दोरा तुम्ही ओवा. बाळाला दुपटी लागतील."

"मला सरळ शिवण येणार नाही."

"तुम्हाला गाडीसारखं शिकवते. फळा लावून."

डॉक्टर लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "काका, शेवटचं विचारतो. डिकी रिकामी आहे ना?"

तो उठला. गाडीमागे गेला, वाकला आणि गालिच्याच्या कडेखाली बोट घातलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, जास्तीच्या चाकाच्या खळग्यातून, बिजागरीच्या मागून ते फिरवलं. खळग्यात एक बॉबिन सापडलं, त्यावर निळा दोरा अजून गुंडाळलेला. डॉक्टर म्हणाला, एवढ्याने काही होत नाही हो. तरी ते खिशात घालून तो सरळ उभा राहिला. डिकीत पुन्हा एकदा पाहिलं. उत्तर जिभेवर आलेलं होतं. त्याने ते थोडा वेळ तिथेच ठेवलं.

"रिकामी," तो म्हणाला.

फोन वाजला. बायकोने पाय न थांबवता स्पीकर लावला. "आई, कसला आवाज येतोय? आणि बाळाची गाडी मावेल ना डिकीत?"

"मावेल गं," ती म्हणाली. "जागा आत्ताच झाली."